साक्षगंध झालं, मुलगी सोळाची: लग्न थांबवता येईल का?

पांदणवाट (दारव्हा, यवतमाळ)
गावातल्या एका मुलीचं साक्षगंध उरकलं, पुढच्या आठवड्यात लग्न आहे. शाळेच्या तारखेप्रमाणे ती सोळाची, घरचे मात्र आधार कार्ड दाखवून अठरा सांगतात. मुलगा पंचवीसचा. तक्रार नेमकी कोणाकडे द्यायची? आणि एकदा अक्षता पडल्या की मग काहीच करता येत नाही, हे खरं का?

कायदासखी
खरं नाही, पण आधी तक्रारीचं बघा. खेड्यात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक, आणि अंगणवाडी सेविका त्यांची सहायक. तोंडी सांगून थांबू नका, लेखी द्या आणि पोच घ्या. त्याच दिवशी 1098 वर फोन करा; तो चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत. नाव गुप्त ठेवायला सांगा. मुलीची शाळा, लग्नाची तारीख आणि नवरदेवाचं गाव नक्की सांगा. हे शेवटचं बहुतेक जण विसरतात, मग पथक मुलीच्या दारात आणि लग्न मुलाकडे.

दाखलखारीज (बुलढाणा)
वयासाठी आधार कार्ड धरत नाहीत. बाल न्याय कायदा 2015, कलम 94 मध्ये क्रम ठरलेला आहे: शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला, दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी. तुम्ही स्वतः उतारा मिळवायच्या मागे लागू नका. ग्रामसेवकांनी मुख्याध्यापकांना पत्र दिलं की दाखल-खारीज रजिस्टरचा (शाळेत नाव घातल्या-काढल्याच्या नोंदवहीचा) उतारा मिळतो.

तालुका_वकील
खरी गफलत हमीपत्रात होते. पोलीस पाटलासमोर आईवडील लिहून देतात, "अठरा झाल्याशिवाय लग्न करणार नाही." पथक परततं, आणि दोन दिवसांनी लग्न मामाच्या गावी, नाहीतर थेट तेलंगणात लागतं. म्हणून हमीपत्रासोबत बालविवाह प्रतिबंधक कायदा 2006, कलम 13 खाली प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडून मनाई हुकूम घ्यायलाच हवा. घाई असेल तर समोरच्यांना नोटीस न देताही अंतरिम हुकूम मिळतो. तो मोडून लावलेलं लग्न कलम 14 प्रमाणे मुळातच रद्द, आणि हुकूम मोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. नवरदेव, लग्न लावणारे, पुढाकार घेणारे नातेवाईक यांच्यावर वेगळा गुन्हा, तोही अजामीनपात्र. हुकूम मोडणाऱ्या किंवा नातेवाईक म्हणून पुढाकार घेणाऱ्या बायांना मात्र कैद नाही.

पांदणवाट
मुलीला पोलीस उचलून नेतील, अशी तिच्या आईला धास्ती आहे.

कायदासखी
तिला आरोपी धरतच नाहीत. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक म्हणून चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीसमोर नेतात. घर सुरक्षित वाटलं तर समिती तिला आईवडिलांकडेच देते. लग्नाचा दबाव दिसला तरच बालगृह.

आता तुमचा दुसरा प्रश्न. मनाई हुकूम नसताना लग्न लागलं, तर ते आपोआप रद्द होत नाही. मुलीनं जिल्हा न्यायालयात अर्ज करावा लागतो. वयाची वीस वर्षं पूर्ण होईपर्यंत तिला हा हक्क आहे. अज्ञान म्हणजे अठराच्या आतली असेल तर पालक किंवा हितचिंतक, बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्यासह, तिच्या वतीनं अर्ज करतो. पोटगी आणि राहण्याची सोय त्याच अर्जात मागा. आणि लग्न झालं म्हणून पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) लागत नाही, हा गैरसमज नवऱ्या मुलाच्या घरी आजच पोचून दूर करा.