‘आमच्यानंतर काय?’ हे आधी आम्हाला विचाराल का?

जिना_नको

काल आईने एक पोस्ट फॉरवर्ड केली, खाली नुसते जोडलेले हात. विशेष मुलांच्या पालकांच्या ग्रुपांवर फिरतेय म्हणे. कुणा निवृत्त गृहस्थांची योजना आहे: वीसेक कुटुंबांनी पैसे काढायचे, मुळशीच्या पुढे जागा घ्यायची, मुलांसाठी आजीवन निवास बांधायचा, की आपण डोळे मिटायला मोकळे. शेवटची ओळ जशीच्या तशी: ‘मुलांना विचारण्याचा प्रश्नच येत नाही, ती मनाने कायम पाच वर्षांचीच राहणार.’

या ‘मुलां’ची वयं त्याच पोस्टमध्ये वर दिली आहेत. 22 ते 41. एकेचाळीस! त्या वयात माझ्या बाबांना मुंबईची बदली नको होती तर त्यांनी साहेबाशी भांडण केलं होतं. कुणी म्हणालं नाही की त्यांना काय कळतंय.

मी सीपीवाली, म्हणजे सेरेब्रल पाल्सी. चालत नाही, बोलते पण अडखळत, डोकं शाबूत. शेवटचं मुद्दाम लिहिते, कारण लग्नकार्यात माझ्याबद्दलचा प्रश्न लोक माझ्या शेजारच्याला विचारतात. ‘ही तिखट खाते का?’ चार वर्षं झाली, आईवडील याच शहरात असून मी वेगळी राहते, भाड्याच्या तळमजल्यावर. सकाळ-संध्याकाळ एक मावशी येतात. त्यांना मी ठेवलं, आधीच्या दोघींना मीच काढलं. पूर्वी ब्युरोकडून बाई यायची तेव्हा आंघोळ आत्ता की नंतर हे ती आईला विचारायची. आंघोळ माझी!

2016 च्या अपंग हक्क कायद्यात कलम 13 आहे. मालमत्ता, पैसा, व्यवहार सगळं इतरांच्या बरोबरीने. मदतनीस बदलायचा अधिकारसुद्धा माझा. कलम 14 खाली पालक नेमलाच तर तो ठरावीक निर्णयापुरता, ठरावीक काळापुरता, आणि तोही माझ्या इच्छेला धरून. मग मुळशीला कोणी जायचं, खोलीत सोबत कोण, दिवे किती वाजता घालवायचे, हे निवृत्त काका परस्पर कसे ठरवतात? आईला मी अजून उत्तर दिलेलं नाही. इथे लिहितेय म्हणजे घरी भांडण कमी होईल.

ओंकारची आई

वेगळं घर आहे, टायपिंग येतं, कलमं पाठ आहेत. छान, कौतुक आहे.

माझा मुलगा 29 वर्षांचा आहे. बोलत नाही. फिट्स येतात. एकदा गॅसवाल्याने दार उघडं टाकलं तर हा हायवेपर्यंत पोचला होता, पायात चप्पल नाही. मला गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलंय, ते मी तीन वर्षं पुढे ढकलतेय कारण त्या दिवसांत त्याला कोण बघणार. ती पोस्ट मी लाइक केली आहे. परत करीन.

तुम्ही ‘आम्हाला विचारा’ म्हणता, त्या ‘आम्ही’त माझा ओंकार कधी आला? त्याने तुम्हाला वकीलपत्र दिलंय का? बोलता येणारे लोक व्यासपीठावर जातात, न बोलणाऱ्यांच्या नावाने बोलतात आणि घरी येऊन झोपतात. रात्री आम्ही जागतो.

आणि कलम 14 अर्धंच वाचलंत. पुढे पूर्ण आधाराची तरतूद आहे, ज्याला गरज आहे त्याच्यासाठी. माझ्याकडे 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालचं पालकत्वाचं प्रमाणपत्र आहे. कलेक्टर कचेरीत वर्षभर खेटे घालून मिळवलंय. हौस म्हणून नाही, त्याच्याशिवाय बँक त्याचं खातं उघडेना म्हणून.

जिना_नको

पूर्ण आधार म्हणजे पूर्ण मालकी नव्हे, ताई. ते प्रमाणपत्र देणाऱ्या समितीत एक अपंग व्यक्ती असावीच लागते. तुमच्या वेळी होती का? ओंकारशी बोलली का?

ओंकारची आई

होते एक गृहस्थ. चहा प्यायले.

पांढरी काठी, कोल्हापूर

बँकेचा विषय काढलात म्हणून राहवत नाही.

मी जन्मांध, शाळेत शिकवतो, पगार वेळेवर होतो. तरी खातं काढताना साहेब म्हणाले, चेकबुक देत नाही, एटीएम कार्ड देत नाही, कुणी डोळस सोबत आणा आणि जॉइंट करा. रिझर्व्ह बँकेचं 2008 चं परिपत्रक आहे, अंधांना चेकबुक, एटीएम, लॉकर सगळं इतरांसारखंच द्यायचं. साहेबांनी परिपत्रक माझ्या हातातून घेतलं, वाचलं आणि म्हणाले, ‘हे आमच्या शाखेला आलेलं नाही.’ शेवटी मेव्हण्याला जॉइंट केलं. आता माझ्या पैशाचा मेसेज आधी त्याच्या मोबाइलवर वाजतो. बायकोला साडी घेतली की सासुरवाडीला माझ्याआधी कळतं.

आता म्हणे घरबसल्या केवायसी. ॲप सांगतं, डोळे मिचकवा. माझे दोन्ही डोळे बसवलेले आहेत हो. 2025 च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टाने यावर निकाल दिला, मिचकवण्याला पर्याय ठेवा म्हणून. ॲपला अजून कुणी कळवलेलं दिसत नाही.

कॅश काउंटर

झालं, आले बँकेवर. विषय काय, चाललंय काय.

बावीस वर्षं काउंटरला बसलोय. आमच्याकडे एक अंध पेन्शनर आजोबा होते. नियमाप्रमाणे कार्ड दिलं. नातवाने वर्षभर पैसे काढले, आजोबांना पत्ता नाही. तक्रार कुणावर? नातवावर नाही. मला मेमो, मला चौकशी, इन्क्रिमेंट अडकलं. परिपत्रक वरून येतं आणि मेमो खाली येतो, हे तुमच्या कायदेपंडितांना कोण सांगणार? मी अंगठ्याला दोन साक्षीदार मागतो ते अपमान करायला नाही. माझी नोकरी वाचवायला मागतो. तुमचे हक्क तुम्हाला लखलाभ, पण धोका मी का घ्यायचा?

पांढरी काठी, कोल्हापूर

डोळस आजोबांचे नातू पैसे काढत नाहीत का? मग डोळसांची कार्डंही बंद करा.

कॅश काउंटर

तुम्हाला समजून घ्यायचंच नाहीये.

पांढरी काठी, कोल्हापूर

समजून घेऊन घेऊन मेव्हण्याला जॉइंट केलं ना.

दुसरी लेक

तुम्ही दोघं भांडा. पण साक्षीदार आणि पालक म्हणजे सुरक्षित, हे मला सांगू नका.

माझ्या ताईला डाउन सिंड्रोम आहे. बाबा गेले तेव्हा मी शिकत होते, आई अंथरुणाला. काकांनी पुढे होऊन पालकत्वाचा कागद केला. सगळे म्हणाले केवढा देवमाणूस. ताईच्या नावचा वन बीएचके भाड्याने दिला. भाडं कुठे जातं हे सात वर्षांत कुणी विचारलं नाही, कारण ताईला ‘काय कळतंय’. तिला बरोबर कळत होतं. ती दर महिन्याला म्हणायची, माझं घर, काकाची गाडी. आम्ही हसायचो.

पण जिना_नको, तुमच्याशीही माझं पटत नाही. तुमच्या मावशी गावाला जातात तेव्हा कोण येतं?

जिना_नको

आई येते.

दुसरी लेक

तेच म्हणतेय. आणि आई थकली की भाऊ-बहीण. पालक ‘आमच्यानंतर काय’ म्हणतात, तुम्ही ‘माझा निर्णय’ म्हणता, मध्ये आम्हाला कुणी विचारलंय? माझं लग्न दोनदा ताईवरून मोडलं. मुळशीची योजना वाचून पहिल्यांदा मला काय वाटलं असेल? सुटले असं वाटलं. घाला शिव्या.

बापूराव

शिव्या कशाला घालू, पोरी. माझी सगळी नोकरी महसूल खात्यात गेली, कामाचं सांगतो. राष्ट्रीय न्यास कायद्याचं कलम 16 बघ. पालक नेमला की सहा महिन्यांत स्थावर मालमत्तेची यादी समितीला द्यायची, आणि दर आर्थिक वर्ष संपलं की तीन महिन्यांत हिशेब. कलम 17 खाली पैसे खाल्ले म्हणून नातेवाइकाला अर्ज करता येतो, समिती पालक काढून टाकू शकते. काकांनी एकही हिशेब दिलेला नसणार, पैज लावतो. माझ्या काळात तरी कुणी देत नव्हतं आणि कुणी मागतही नव्हतं.

दुसरी लेक

काका, अर्ज कुणाच्या नावे लिहू? खरंच विचारतेय.

बापूराव

अध्यक्ष, स्थानिक स्तर समिती, जिल्हाधिकारी कार्यालय. दोन प्रती न्या, एकीवर पोच घ्या. पोच महत्त्वाची.

उत्तरायण

मी गेली बरीच वर्षं स्वीडनमध्ये. इथे 1994 पासून कायदा आहे. ज्याला मोठी गरज आहे त्याला सहायकाचे तास मंजूर होतात, पैसे सरकार देतं आणि सहायक कोण ते तो माणूस ठरवतो. माझ्या शेजारी एक मुलगा आहे, मानेखाली हालचाल नाही, त्याच्या टीमच्या मुलाखती तो स्वतः घेतो. आईवडील आईवडीलच राहतात, रविवारी जेवायला येतात. प्रश्न पालकांच्या मनोवृत्तीचा...

बापूराव

आले! स्वीडनला कर किती भरता तेही लिहा. इथे अपंगांना संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याला 1500 होते ते आत्ता कुठे 2500 झाले. त्यात ब्युरोची बाई दोन-चार दिवस येईल. महिन्याच्या उरलेल्या दिवसांत मनोवृत्ती बदलत बसायचं का?

उत्तरायण

मुद्दा मान्य. इथेही अलीकडे निकष आवळलेत, कित्येकांचे तास कापले गेले. पण लोक निदान सरकारशी भांडतात, आईशी नाही.

ओंकारची आई

बापूरावांना शंभर मार्क. आणि म्हणूनच मुळशी. सरकार देणार नाही, तुमचा स्वीडनवाला देणार नाही. वीस घरांचे पैसे एकत्र केले तर चार माणसं चोवीस तास ठेवता येतात. एकेकट्याला नाही. निवास म्हटला की तुम्हाला लगेच तुरुंग का दिसतो?

जिना_नको

कारण शिरूर विसरले नाही. 1994. सरकारी संस्थेतल्या मतिमंद मुलींना पुण्यात ससूनला आणून गर्भाशयं काढली. कारण काय, तर पाळीची स्वच्छता जमत नाही. राज्यभर ओरड झाली तेव्हा थांबलं. त्यांनाही सगळे ‘मुली’च म्हणत होते, त्यांनाही काही कळत नव्हतं, आणि जे झालं ते सगळं त्यांच्या भल्यासाठीच होतं. 2009 मध्ये चंदिगडच्या निवाऱ्यातल्या मुलीबद्दल सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की तिला मूल हवंय, तर तिच्या संमतीशिवाय गर्भपात करता येणार नाही. तीही निवाऱ्यातच होती, सुरक्षित.

ओंकारची आई

माझ्या पोटच्या पोराशी शिरूर जोडताना तुम्हाला काहीच वाटलं नाही?

शिरूरला त्या मुलींच्या बाजूने उभं राहायला घरचं कुणी नव्हतं. म्हणूनच आम्हाला स्वतः चालवायचंय. सरकारच्या हातात द्यायचं नाही म्हणून तर ही सगळी धडपड!

जिना_नको

आणि तुम्ही गेल्यावर? योजनेचं नावच ‘आमच्यानंतर’ आहे ना. दहा-पंधरा वर्षांत ट्रस्टवर एकही आई नसेल. तेव्हा ओंकारला ‘नको’ म्हणायची सवय नसली, तर त्याचं ‘नको’ ऐकून घ्यायची सवय कुणाला असणार?

दुसरी लेक

हे मात्र खरं बोललात. ताईला आम्ही ‘नको’ म्हणू दिलं असतं तर काकांची गाडी आली नसती.

ओंकारची आई

जेवण करून आले. राग अजून आहे.

ओंकार नको म्हणतो. दुधी दिसला की ताट सरकवतो. शाळेत होता तोपर्यंत चित्रांची कार्डं होती, बस, पोहणे, घरी, असं बोट ठेवायचा. अठरा पूर्ण झाली, शाळा संपली, कार्डं कपाटात गेली. मग कार्यशाळा. कागदी पिशव्या. पिशव्या करायच्या का, हे त्याला विचारलेलं नाही हे कबूल. मलाही कुणी काही विचारत नाही, पण ते असू दे.

समजा मी त्याला जागेवर घेऊन गेले, दोन दिवस ठेवलं. समजा तो गेटपाशी जाऊन बसला, म्हणजे नको. मग पुढे काय करू? कलम नको सांगू. गुडघ्याचं ऑपरेशन आहे, महिनाभर कोण येणार ते सांगा.

जिना_नको

महिन्याचं मी एकटी सांगू शकत नाही. दुपारी तीन तास माझ्या मावशींना वेळ असतो, त्यांना विचारते. त्या फिट्सना घाबरत नाहीत. पण त्या ओंकारला भेटून ठरवतील आणि ओंकार त्यांना बघून. दुधीसारखं सरकवलं तर नाही येणार.

मुळशीला माझा विरोध कायम आहे.

ओंकारची आई

मी कुठे मान्य केलंय काही? मावशींचा नंबर वैयक्तिक निरोपात टाका.

उत्तरायण

चित्रांची कार्डं आता टॅबवर मराठीतही...

ओंकारची आई

टॅब फोडतो तो. पुढे बोला.

कॅश काउंटर

‘दुसरी लेक’ यांच्यासाठी. अर्जाची पोच मिळाली की झेरॉक्स खातं असलेल्या शाखेत द्या, नुसतं तोंडी सांगू नका, इनवर्ड नंबर मागा. काकांची सही चालणारं खातं असेल तर लेखी तक्रारीनंतर शाखेला डोळेझाक करता येत नाही. हे मी सांगितलं असं कुठे बोलू नका.

आणि कोल्हापूरकर, जॉइंट काढून एकट्याच्या नावावर करायचं तर नवीन अर्ज द्या, परिपत्रक सोबत जोडा. शाखा ‘नाही’ म्हणाली तर ‘नाही’ लेखी मागा. लेखी ‘नाही’ कुणी देत नाही.

पांढरी काठी, कोल्हापूर

एवढं माहीत होतं तर बावीस वर्षं साक्षीदार का मागत होता?

कॅश काउंटर

सांगितलं ना वर. मेमो.

जिना_नको

तुमच्या शाखेला रॅम्प आहे का?

कॅश काउंटर

पाच पायऱ्या आहेत. इस्टिमेट वर पाठवलंय. पण आमच्याकडे तुमच्यासारखं कुणी आलं तर मी स्वतः फॉर्म घेऊन बाहेर येतो, गाडीपाशी सही घेतो. विचारा कुणालाही.

जिना_नको

सगळे आत सह्या करतात, मी रस्त्यावर उभी राहून खात्यातला आकडा मोठ्याने का सांगायचा?

कॅश काउंटर

घ्या. चांगलं करायला जावं तर हे.