डीह्युमिडिफायर दिवसभर चालतो, टाकीत पाणी मात्र येत नाही – मदत हवी आहे (डिचोली, गोवा)

नमस्कार मंडळी,

लांबण लागेल, पण आधीच सगळं सांगून टाकतो. 'फिल्टर साफ केला का?' इथून सुरुवात नको. केलाय, नळाखाली धुऊन, वाळवून परत लावलाय.

घर डिचोलीत, जुनं. चिऱ्याच्या भिंती, वर मंगळुरी कौलं, मधल्या राजांगणावर वडिलांच्या वेळी टाकलेले पत्रे. पावसाळ्यात आमच्याकडे काय होतं ते गोव्यातल्यांना सांगायला नको. चामड्याच्या पट्ट्यावर हिरवट लव, जुन्या पोथ्यांना तो ओळखीचा कुबट वास, पेटीच्या (हार्मोनियमच्या) पट्ट्या फुगून अडकायला लागतात. चवथीला घुमट (चामडं ताणून बांधलेलं मातीचं वाद्य) काढावा तर चामडं इतकं सैल की आधी शेकत बसावं लागतं. या सगळ्यावर उपाय म्हणून मोठा डीह्युमिडिफायर (हवेतली ओल पाणी करून काढणारं यंत्र) घेतला होता, चाकांवरचा, जमिनीवर उभा राहणारा. विकणाऱ्याने 'पूर्ण घरासाठी' म्हणून दिला. पाटीवर लिहिलंय: दिवसाला 50 लिटर (30 अंश, 80 टक्के आर्द्रता), करंट 3.9 अँपिअर, गॅस आर-134ए.

आधीचे पावसाळे बरे गेले. रात्री लावला की सकाळपर्यंत टाकी भरून मशीन बंद झालेलं असायचं. यंदा जूनपासून रडकथा. चालू केलं की पंखा फिरतो, कॉम्प्रेसरची (गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाची) घरघर येते, थोड्या वेळाने 'टक्' असा आवाज होऊन घरघर थांबते, पंखा चालूच. काही वेळाने पुन्हा घरघर, पुन्हा टक्. रात्रभर चालवून टाकीच्या तळाला जेमतेम पाणी. समोरचा आर्द्रतेचा आकडा 84 टक्क्यांवरून हलायला तयार नाही.

फिल्टर काढून बॅटरीच्या उजेडात आत पाहिलं. कॉइलच्या (गॅस फिरतो त्या वेढ्यांच्या नळीच्या) वरच्या दोन-तीन वेढ्यांवर पांढरंशुभ्र बर्फ जमलेलं, बोटाने खरवडलं तर निघतं. त्याच्या खालचा सगळा भाग कोरडा खडखडीत. दवाचा थेंब नाही.

बाजारातला एक मेकॅनिक येऊन गेला. कव्हर उघडलं नाही, हात लावून म्हणाला, "गॅस कमी झालाय, टॉप-अप मारून देतो." रक्कम अशी सांगितली की मी चहा देऊन पाठवला. वॉरंटी संपलेली, दुकानदार फोन उचलत नाही.

गॅस भरून घ्यावा का? की सेन्सर गेलाय? की मशीनच भंगारात? चवथीपूर्वी काहीतरी मार्गी लागावं अशी इच्छा आहे.

– डिचोलीकर

प्रतिसाद: गारवा (मडगाव)

डिचोलीकरबाब, तुम्ही बर्फाची जागा नीट सांगितलीत, अर्धं काम झालं. लोक नुसतं 'बर्फ येतंय' लिहून मोकळे होतात.

माझं सगळं आयुष्य फ्रिज-एसी दुरुस्तीत गेलं, म्हणून हे सांगतो. पूर्ण कॉइल बर्फाने झाकली असेल तर संशय हवेवर: फिल्टर तुंबलेला, फिन (कॉइलवरच्या पातळ पत्र्या) मळलेल्या, पंखा मंद किंवा त्याचा कपॅसिटर गेलेला. थंड प्रदेशात खोली 18 अंशांच्या खाली गेली तरी असं होतं, पण आपल्याकडे भर पावसातही घरात 25-26 असतंच, तो मुद्दा सोडा. बर्फ फक्त सुरुवातीच्या वेढ्यांवर आणि पुढची कॉइल कोरडी असेल तर संशय गॅसवर. तुमचा मेकॅनिक बहुतेक बरोबर बोलला, पण न बघता बोलला. आणि 'टॉप-अप' हा उपाय चुकीचा, त्याचं नंतर सांगतो.

आधी एवढं बघून कळवा. हवा आत ओढते त्या जाळीवर वर्तमानपत्राचा कागद धरा, चिकटून राहतो का? संध्याकाळी, सगळ्यांचे दिवे-पंखे चालू असतात तेव्हा, सॉकेटवर व्होल्टेज किती? क्लॅम्प मीटरवाला (वायरीभोवती अडकवून करंट मोजतात ते मीटर) कोणी ओळखीचा असेल तर कॉम्प्रेसर चालू असताना करंट मोजून घ्या. प्लग काढून मागचं कव्हर उघडा आणि कॉइलच्या कडेला तांब्याचे जे वाकडे जोड असतात, त्यांच्यावर तेलकट डाग दिसतो का ते निरखून बघा. तेलावर धूळ चिकटते, त्यामुळे डाग काळपट दिसतो.

आणि त्या 84 आकड्यावर आंधळा विश्वास नको. बाजारातला स्वस्त आर्द्रतामापक आणा. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन त्यात ओला चिखल होईल इतकंच पाणी घाला, झाकण आणि मापक एका घट्ट डब्यात बंद करून रात्रभर ठेवा. ओल्या मिठावरची हवा 75 टक्क्यांवर स्थिर होते. मापक किती दाखवतो ते बघा, म्हणजे त्याची चूक किती ते कळेल. मग तो मशीनशेजारी ठेवा.

प्रतिसाद: शून्याखाली

मी राहतो तिकडे अमेरिकेत उलटी तऱ्हा. हिवाळ्यात घर तापवणाऱ्या भट्टीला ओल सोडणारं यंत्र जोडलेलं, नाहीतर ओठ फुटतात आणि लाकडी फरशीला भेगा पडतात. त्याचं दुखणं बहुतेक वेळा एकच: पाणी झिरपतं त्या पॅडवर क्षार बसून तो दगड होतो, नाहीतर पाण्याची झडप अडकते. पॅड बदलला की झालं. तुमची केस बघून वाटतंय, मी स्वस्तात सुटलो. इकडे ओल पाठवून द्या थोडी.

प्रतिसाद: डिचोलीकर

गारवाबाब, सगळं करून बघितलं.

कागद जाळीला घट्ट चिकटतो, पंखा ठणठणीत. संध्याकाळचं व्होल्टेज 221. मापक मिठाच्या डब्यात 72 दाखवत होता, म्हणजे तीनने कमी. मशीनशेजारी तो 82 दाखवतो, म्हणजे खरे 85. मशीनचा 84 खोटा नाही, सेन्सर सुटला.

करंट शेजारच्या इलेक्ट्रिशियन पोराने मोजला, 2.1 अँपिअर. पाटीवर 3.9 आहे.

आणि डाग सापडला. खालून दुसऱ्या वाकड्या जोडापाशी, पाणी गोळा होतं त्या ट्रेच्या अगदी वर. नखाएवढा काळा चिकट डाग, पुसल्यावर खाली तांबं हिरवटलेलं. साबणाचा फेस लावला, बुडबुडा काही दिसला नाही. म्हणजे गळती नाही का?

प्रतिसाद: गारवा (मडगाव)

आहे. तिथेच आहे. आतला दाब उतरलाय, त्यात भोक सुईच्या टोकाहून बारीक, बुडबुडा कुठून दिसणार? कॉम्प्रेसरचं तेल मात्र खोटं बोलत नाही, ते गॅसबरोबरच बाहेर येतं.

आता सगळी लक्षणं जुळतात. गॅस कमी म्हणजे कॉइलमधला दाब कमी, आणि दाब कमी म्हणजे गॅस जास्त थंडीला उकळतो, शून्याच्या खाली. म्हणून पहिल्या वेढ्यांवर दव न पडता थेट बर्फ. पण द्रव थोडाच, तो तिथेच उकळून संपतो. पुढच्या वेढ्यांतून नुसती वाफ जाते, ती कॉइल गार होत नाही आणि पाणीही पडत नाही. कॉम्प्रेसरला ओढायला काम कमी, म्हणून करंट 2.1. शिवाय परत येणाऱ्या गार गॅसवरच कॉम्प्रेसर स्वतःचं अंग थंड ठेवतो. तो गॅस पुरेसा नाही, म्हणून तापतो आणि ओव्हरलोड (फार तापलं की वीज तोडणारी कळ) त्याला तोडतो. तुमचा 'टक्' तोच. फार दिवस असा चालवाल तर कॉम्प्रेसरही जाईल. दुरुस्ती होईपर्यंत प्लग काढून ठेवा.

टॉप-अप का नको? गळती न बुजवता गॅस भरला तर तो त्याच वाटेने जाणार आणि पुढच्या जूनला तुम्ही परत इथेच याल. दुसरं, या मशीनमध्ये गॅस ग्रॅमवर मोजलेला असतो, पाटीवर आकडा लिहिलेला असतो. 'हाताला गार लागलं, बस' ही पद्धत इथे चालत नाही, जास्त झाला तरी पाणी कमीच पडतं. काट्यावर सिलिंडर ठेवून वजनाने भरणारा माणूस शोधा. त्याच्याकडे काटा नसेल तर दुसरा बघा.

तो आला की उरलेला गॅस काढून घेईल, नायट्रोजन भरून दाब देईल. तेव्हा त्या डागापाशी साबण लावा, बुडबुडा दिसेल. मग जोड घासून ब्रेझिंग (ज्योतीने धातू वितळवून जोड बुजवणं). त्यानंतर पुन्हा नायट्रोजनवर थोडा वेळ ठेवून दाबाचा काटा उतरत नाही हे बघायचं, मग व्हॅक्यूम पंप. इथे घाई करू देऊ नका. पावसाळ्यात उघड्या पाइपात आपली हवा शिरते, ती ओल आत राहिली तर बारीक नळीत गोठते. पंप अर्धा-पाऊण तास तरी चालला पाहिजे. कारखान्याची नळी बंद केलेली असते, तिथे त्याला भरायचा वॉल्व्ह जोडावा लागेल, त्याचे वेगळे पैसे मागितले तर ते रास्त आहेत.

जोडावर गळती असेल तर नशीब म्हणा. फिनच्या आत असती तर कॉइलच बदलावी लागली असती, आणि ती मिळत नाही. फडताळातलं व्हिनेगर, नव्या प्लायवुडचा वास, यातली आम्लं तांब्याला आतून पोखरतात, वारुळासारखे बोगदे पडतात.

पाटीवर आर-134ए लिहिलंय म्हणून हे सांगितलं. वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या मशीनवर आर-290 असेल तर तो प्रोपेन आहे, पेट घेतो. तिथे गॅस पूर्ण बाहेर जाईपर्यंत ब्रेझिंगची ज्योत जवळ आणायची नाही. असं काम घरात नकोच.

प्रतिसाद: खारा वारा (वास्को)

दुरुस्ती होईल, पण मशीन परत त्याच जागी ठेवणार असाल तर माझं ऐकून घ्या. 'पूर्ण घरासाठी' हे शब्द कौलारू घराला लागू होत नाहीत.

28 अंशांना, 85 टक्के आर्द्रतेत एका घनमीटर हवेत साधारण 23 ग्रॅम पाणी असतं. 60 टक्क्यांवर आणायचं तर 16 ग्रॅम. म्हणजे घनमीटरमागे 7 ग्रॅम काढायचे. बारा बाय चौदा फुटांची, दहा फूट उंच खोली जवळपास 50 घनमीटर. हिशोब केलात तर त्या हवेत काढण्यासारखं पाणी 350 ग्रॅम, लिटरच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. मग सकाळी टाकीत कित्येक लिटर कुठून येतं? बाहेरून. हवा सतत आत येत राहते, आणि भिंतीही ओल सोडतात.

खोलीची हवा तासाला एकदा बदलली तर दिवसाला आठ-साडेआठ लिटर काढावे लागतील. तुमचं मशीन ते सहज करेल. पण अख्खं घर 300 घनमीटर धरा, कौलांच्या फटींतून तासाला पाच वेळा हवा बदलते धरा, तर दिवसाला 250 लिटर. हा ढोबळ अंदाज आहे, पण अर्धा खोटा निघाला तरी 50 लिटरचं मशीन हरणारच. आधीच्या वर्षी टाकी भरत होती म्हणून घर कोरडं होत होतं असं नाही, तुम्ही डिचोलीचा पाऊस गाळत होतात.

एक खोली निवडा. पुस्तकं, पेटी, घुमट, कपडे तिथे. वर प्लायवुडचं किंवा जिप्समचं छत, कडा बंद, दाराखाली रबरी पट्टी. मशीन 55 ते 60 वर लावा. खोली थोडी तापेल, कारण एक लिटर पाणी दवात उतरतं तेव्हा पाऊण युनिटच्या आसपास उष्णता सोडतं, त्यात मशीनची स्वतःची वीज. ते बरंच आहे, हवा तापली की तिची आर्द्रता आणखी उतरते. फक्त तिथे झोपू नका.

प्रतिसाद: ओलसुकं

आमच्या घरी कपाटात 40 वॉटचा बल्ब लावतात, पिढ्यान् पिढ्या. पोथ्या शाबूत आहेत. तुम्ही ग्रॅम मोजत बसा.

प्रतिसाद: खारा वारा (वास्को)

ओलसुकं, चेष्टा नाही, बल्बचं तत्त्व वरचंच आहे, बंद कपाटात हवा दोन-तीन अंश तापली की आर्द्रता दहा-पंधरा टक्के उतरते. कपाटापुरता उत्तम उपाय. फक्त कागदापासून लांब लावा. आणि एलईडी लावून उपयोग नाही, तो फारसा तापत नाही.

प्रतिसाद: डिचोलीकर

देव बरें करूं, मंडळी. म्हापशाचा एक जण आला, वजनकाटा आणि नायट्रोजनची टाकी घेऊनच आला. दाब देताच त्या डागावर फेस फुगला. जोड घासून ब्रेझिंग केलं, दाब तासभर हलला नाही, मग व्हॅक्यूम, आणि पाटीवर लिहिलंय तेवढेच ग्रॅम गॅस. चालू केल्यावर दहा मिनिटांत वरपासून खालपर्यंत सगळ्या वेढ्यांवर दव, बर्फ कुठेच नाही. करंट 3.7. टक् बंद.

मशीन आता वसरीतून उचलून आतल्या खोलीत नेलंय. छताचं काम सुताराने अर्धं केलंय, बाकीचं तो 'चवथ झाल्यावर' म्हणतो, त्यामुळे तात्पुरती ताडपत्री. तरी आज मापक 63 दाखवतोय, म्हणजे 66.

एकच शेवटचं. घरातल्यांचं म्हणणं, टाकीतलं पाणी म्हणजे डिस्टिल्ड वॉटरच, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालू. घालायचं का?

प्रतिसाद: गारवा (मडगाव)

अजिबात नाही. क्षार कमी असतात हे खरं, पण कॉइलवरची धूळ, बुरशी, तांब्या-ॲल्युमिनियमचा अंश त्यात उतरतो. बॅटरीला विकतचं पाणी घाला. हे फरशी पुसायला वापरा. टाकीही आठवड्याला घासत जा, नाहीतर तिलाच शेवाळ धरेल.