इंडियानातली लिंकन कुटुंबाची छोटी दफनभूमी, कोणी पाहिलीये का?

सारंग_लुइव्हिल
शनिवारी पोरांना सांताक्लॉज गावातल्या हॉलिडे वर्ल्ड या करमणूक पार्कला नेतोय. तिथून लिंकन सिटी अगदी जवळ, आणि लिंकनची आई नॅन्सी हँक्स तिथे पुरलीये एवढंच माहितीये. बायको म्हणतेय एका कबरीसाठी कशाला थांबायचं. तिथे अजून कोण कोण आहे, आणि हे कुटुंब त्या जंगलात गेलंच कशाला?

जुनी_दप्तरं
थांबाच. भव्य काही नाहीये हां, झाडीतलं टेकाड, लोखंडी कुंपण आणि पांढरा दगड. केंटकीत लिंकनचा बाप थॉमस, त्याच्या जमिनींची मोजणीच धड नव्हती, एकाच सातबाऱ्यावर तिघांनी हक्क सांगावा तसला प्रकार, कोर्टकचेऱ्यांना कंटाळून तो डिसेंबर १८१६ मध्ये बायकापोरं घेऊन ओहायो नदी ओलांडून आला, कारण इकडे जमीन सरकारने मोजलेली आणि शिवाय गुलामगिरीला बंदी. पुढच्या वर्षी नॅन्सीला वाढवलेली मावशी एलिझाबेथ आणि तिचा नवरा थॉमस स्पॅरो पण मागोमाग आले. १८१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात ते दोघं गेले, शेजारची ब्रूनरबाई गेली, आजाऱ्यांचं करता करता नॅन्सीही पडली आणि ५ ऑक्टोबरला गेली. वय ३४. थॉमस लिंकन सुतार, त्यामुळे पेटी घरीच झाली, ९ वर्षांच्या एबने (म्हणजे अब्राहमने) खुंट्या तासून दिल्या असं सांगतात.

आताचा दगड १८७९ चा, घोडागाड्यांच्या कारखानदार स्टुडबेकरांपैकी पीटर यांनी पैसे दिले म्हणून लागला. म्हणजे मधे ६१ वर्षं गेलेली! त्यामुळे कबर नेमकी त्याच्याखालीच आहे अशी खात्री कोणी देत नाही. दगडावर वय पण ३५ कोरलंय.

डॉ_पमा
आजाराचं मी सांगते, मिल्क सिकनेस. व्हाइट स्नेकरूट नावाचं पांढऱ्या फुलांचं रानटी झुडूप असतं सावलीत वाढणारं, चारा कमी पडला की गाई जंगलात घुसून ते खातात आणि विष दुधात उतरतं. उलट्या, थरथर, प्रचंड अशक्तपणा, आणि बरेचदा आठवड्याभरात खेळ खल्लास. गाय दूध देतेय, पोरं पितायत, संशय कुणाला येणार हो! इलिनॉयमधल्या अॅना बिक्सबी या सुईणीला हे झाड शॉनी या मूळ अमेरिकन जमातीतल्या एका बाईने दाखवलं अशी कथा आहे, पण डॉक्टर मंडळींनी ते नीट मान्य करायला विसावं शतक उजाडलं. १८३० मध्ये लिंकन मंडळी इलिनॉयला गेली त्यातही या आजाराच्या धास्तीचा हात होताच.

शिकागोकर_नलू
शॉनी बाईचा विषय निघालाच आहे तर, ती सरकारने मोजलेली जमीन आधी रिकामी नव्हती. १८०४ च्या विन्सेन्स तहात डेलावेअर आणि पियांकशॉ या मूळ जमातींकडून काढून घेतलेली. आणि या थॉमस लिंकनच्या बापाला केंटकीत १७८६ मध्ये मूळ रहिवाशांनी शेतात मारलं, तेव्हा थॉमस लहान पोर. पायोनियर म्हणून गोडवे गाताना दोन्ही बाजू सांगाव्यात पोरांना, एवढंच.

जुनी_दप्तरं
नलूताई, मान्य, १००%.

सारंग_लुइव्हिल
भारी! बायकोला धागा वाचायला दिला, ती आता स्नेकरूट शोधणार म्हणे 😅 लिंकनची बहीण पण तिथेच का?

जुनी_दप्तरं
नाही, सारा रस्त्यापलीकडच्या लिंकन स्टेट पार्कमध्ये, लिटल पिजन चर्चच्या आवारात. जानेवारी १८२८ मध्ये बाळंतपणात गेली, २० वर्षांची होती, बाळही वाचलं नाही. बाप इलिनॉयमध्ये, शायलोच्या दफनभूमीत, त्याच्या शेजारी दुसरी बायको सारा बुश. एक कुटुंब आणि कबरी तीन राज्यांत, कारण सर्वात धाकटा भाऊ तान्हा असतानाच केंटकीत गेलेला.

आणि हो, दफनभूमीकडून केबिनच्या जागेकडे बारा दगडांची पायवाट जाते ती चुकवू नका, त्यात एक दगड लिंकनच्या स्प्रिंगफील्डच्या समाधीतून निघालेला आहे. तिकडे सेंट्रल टाइम लागतो, तुमच्या लुइव्हिलच्या एक तास मागे, तेव्हा हॉलिडे वर्ल्डच्या गेटवर तासभर आधी जाऊन उभे राहू नका, तो तास इथे घालवा.