मुलांना सफरचंद आवडतं की खोका?

सान्वीची_आई

परवा पोहण्याच्या क्लासहून निघायला उशीर झाला, म्हणून ड्राइव्ह-थ्रूला (गाडीत बसूनच खिडकीतून खाणं घ्यायचं) गाडी घातली. लेक चार वर्षांची. मागच्या सीटवर थोडा वेळ कागदाची चुरचुर, मग एकदम शांतता. घरी येऊन बघते तर सफरचंदाच्या फोडींचं पाकीट रिकामं, दूध अर्धं संपलेलं आणि फ्राईज पिशवीच्या तळाशी गार होऊन पडलेल्या. हीच बाई घरी मी कापलेलं सफरचंद "काळं झालंय" म्हणून ताटाच्या कडेला सारते!

लहान मुलांना असल्या ठिकाणी फक्त तळलेलं आणि गोड पेयच आवडतं, असं आपण धरूनच चालतो. इथे अमेरिकेत मॅकडॉनल्ड्सच्या हॅपी मीलमध्ये (मुलांचं जेवण, खोक्यात खेळण्यासकट येतं ते) २००४ पासून फ्राईजऐवजी सफरचंद मागता येत होतं. मागणारे जेमतेम ११ टक्के. २०११ मध्ये कंपनीने विचारणंच सोडून दिलं. प्रत्येक खोक्यात सफरचंद घालायचं ठरवलं आणि फ्राईज साधारण ६८ ग्रॅमवरून ३१ ग्रॅमवर आणल्या. पुढे २०१३ मध्ये मुलांच्या मेन्यूच्या फलकावरून सोडाही (कोकसारखी गोड पेयं) काढायचं जाहीर केलं. माझं म्हणणं एवढंच की चार वर्षांच्या मुलाला "काय आवडतं" हे विचारून कळत नाही. समोर काय येतं, त्यावर ते बरंचसं ठरतं. तुमचा अनुभव काय?

खवचट_पुणेकर

ताई, ११ टक्के मागत होते याचा साधा अर्थ ८९ टक्क्यांना नको होतं! आता न मागता देतात. म्हणजे सफरचंद खोक्यात गेलं, पोटात गेलं असं कुठे सिद्ध झालं?

दुसरं, सफरचंद गोड आहे हो. गोड पोरांना जन्मतःच आवडतं, त्यात कंपनीचं कसलं कौतुक? त्या खोक्यातून गवार द्या, मग बोलू.

सान्वीची_आई

गवार मी पण खात नाही, सोडा :)

पण नुसतं खोक्याचं गणित नाहीये. व्हर्जिनिया-मेरीलँडकडे सिल्व्हर डायनर नावाची एक साखळी आहे. त्यांनी २०१२ मध्ये मुलांचा मेन्यू बदलला. जेवणासोबत आपोआप फळ किंवा भाजी. फ्राईज आणि सोडा छापील मेन्यूतून गायब, पण मागितलं तर मिळणार. बंदी कसलीच नाही. संशोधकांनी आधीच्या आणि नंतरच्या ऑर्डरी तपासल्या, तर मुलांच्या जेवणातल्या फ्राईज निम्म्याहून कमी झालेल्या आणि स्ट्रॉबेरी दुपटीवर गेलेली. फ्राईजसाठी जीव टाकणारी पोरं असती तर मागितल्या असत्याच की.

खवचट_पुणेकर

ते बसून जेवायचं हॉटेल झालं. आईबाप समोर, हातात वेळ. खिडकीतून पिशवी घेऊन पळणाऱ्यांना ते लावू नका. आणि ऑर्डर पोरं नाही देत, आईबाप देतात. तुम्ही मोजताय ती आवड आईबापांच्या आळसाची. मेन्यूत दिसलं नाही, कोण विचारत बसतो!

रात्रपाळी

मी कोल्हापूरचा. शिकायला बाहेर होतो तेव्हा दीड वर्ष अशाच एका ठिकाणी काउंटरला होतो (नाव नको). संध्याकाळी साडेसात-आठला टेबलं पुसायला जायचो. ट्रे कचऱ्यात उलटा करताना सफरचंदाची पाकिटं न फोडलेलीच खाली पडायची. टप् असा एक ओला आवाज यायचा, अजून कानात आहे. फ्राईजच्या कागदात मात्र मिठाचा कणसुद्धा राहायचा नाही. पुणेकरांशी सहमत.

फक्त एक सांगतो. न फोडलेली पाकिटं जास्त करून मोठ्या, म्हणजे आठ-नऊ वर्षांच्या पोरांच्या टेबलावर. अगदी बारकी पोरं पाकीट आईकडून फोडून घ्यायची आणि फोडी चोखत बसायची. साल तेवढं टेबलावर चिकटवून ठेवायची. ते पुसायला मी!

मीनल_नाशिक

मी वाचलं होतं की सफरचंदावर कार्टूनचं स्टिकर लावलं तर मुलं बिस्किटाऐवजी सफरचंद उचलतात. मग मुलांना पौष्टिक आवडत नाही हे खोटंच ना?

आकडेमोड

मीनलताई, तो अभ्यास बाद झाला. कॉर्नेल विद्यापीठाच्या ब्रायन वॉन्सिंक यांचा, २०१२ चा. मुलं ८ ते ११ वर्षांची म्हणून छापलं होतं, निघाली ३ ते ५ वर्षांची. आकड्यांतही घोळ. २०१७ मध्ये मागे घेतला. त्यांचे इतरही बरेच लेख असेच मागे घ्यावे लागले.

त्यापेक्षा स्टॅनफर्डचा २००७ चा प्रयोग बघा. ३ ते ५ वर्षांची ६३ मुलं. एकच पदार्थ दोन पुड्यांत, एक साधी आणि एक मॅकडॉनल्ड्सची. कशाची चव जास्त चांगली, एवढाच प्रश्न. त्यात गाजरंही होती, दुकानातून आणलेली साधी गाजरं. ५४ टक्के मुलांना छापील पुडीतलं गाजर जास्त चविष्ट लागलं, साध्या पुडीतलं २३ टक्क्यांना. गाजर तेच!

धाग्याच्या प्रश्नाचं माझं उत्तर : खोका.

खवचट_पुणेकर

हेच म्हणतोय मी सकाळपासून! सफरचंदाच्या चार फोडींच्या बदल्यात कंपनीला मिळतं काय? चार वर्षांचं गिऱ्हाईक, पुढच्या चाळीस वर्षांसाठी. सॅन फ्रान्सिस्कोने कायदा केला की ६०० कॅलरीच्या वरच्या किंवा फळ-भाजी नसलेल्या जेवणासोबत खेळणं फुकट द्यायचं नाही. डिसेंबर २०११ पासून लागू. कंपनीने काय केलं? खेळण्याचे १० सेंट वेगळे लावले. कायदा पाळला आणि खेळणंही दिलं. यांना आवडीनिवडी कोणी शिकवायच्या?

वसुधा_७१

मुलांनो, तुमचे आकडे चालू द्या. सान्वीच्या आईला एक सांगते. त्या पाकिटातलं सफरचंद काळं पडत नाही ते त्यावर क जीवनसत्त्वाचा हात मारलेला असतो म्हणून. तू घरी फोडी मिठाच्या पाण्यात पाच मिनिटं ठेव, नाहीतर लिंबू पिळ. तुझी लेक सफरचंदाला नाही म्हणत नाहीये, ती काळ्याला नाही म्हणतेय.

आणि आवड म्हणाल तर माझ्या धाकट्याने तोंडली किती वेळा थुंकली याचा हिशोब नाही. मी आपली प्रत्येक वेळी दोन काचऱ्या वाढायची, खा म्हणायची नाही. चौथीत गेला आणि एक दिवस डब्याला तोंडली मागितली. त्यासाठी गाडी घेऊन खिडकीशी कशाला जायला हवं, ते मात्र मला कळत नाही.

आकडेमोड

काकू, तुमचा तोंडलीचा प्रयोग शास्त्राला धरून आहे. नवा पदार्थ मुलांना पटायला आठ-दहा-पंधरा वेळा समोर यावा लागतो, असं बऱ्याच अभ्यासांत आलंय. आणि जबरदस्ती केली की उलटं होतं.

सान्वीची_आई

मग काकूंचं आणि माझं म्हणणं एकच झालं की! खिडकीशी दहा वेळा सफरचंद आलं तर दहा वेळा समोर आलं.

खवचट_पुणेकर

आणि दहा वेळा फ्राईजही आल्या. ३१ ग्रॅम गुणिले दहा. त्या पहिल्याच घासाला आवडतात, दुसऱ्या वेळेची गरज लागत नाही.

फाटकाबाहेर

नागपूरहून. आमच्याकडे २०२० चे नियम आहेत : शाळेच्या आवारात आणि ५० मीटरच्या आत जास्त चरबी-मीठ-साखरेचे पदार्थ विकायचे नाहीत. पोराला आणायला जातो तिथे फाटकापासून पंधरा पावलांवर लाल चटणीचे मंचुरियन तळतात, दहा रुपयांत द्रोण. खोक्यात सफरचंद की फ्राईज, हा वाद करायलासुद्धा आधी खोका परवडावा लागतो, राव.

खवचट_पुणेकर

+१. हा वेगळा धागा काढा, येतो भांडायला.

सान्वीची_आई

वसुधाकाकू, काल फोडी मिठाच्या पाण्यात घालून डब्यात दिल्या. पांढऱ्याशुभ्र राहिल्या. बाईसाहेबांनी एक खाल्ली, बाकीच्या परत. का गं, म्हणून विचारलं तर म्हणाली, "आवडतं मला, पण गाडीतलं."

आज तोच डबा गाडीत मागच्या सीटवर दिला. सहापैकी चार गेल्या. पुणेकर, यातून काय निघतं ते तुम्हीच सांगा.

खवचट_पुणेकर

कंपनी नाही, खोका नाही, खेळणं नाही, तरी चार फोडी? दोन दिवस द्या, काहीतरी शोधतो.

वसुधा_७१

मीठ जास्त पडलं असेल गं पहिल्या दिवशी. वाटीभर पाण्याला चिमूटभरच घाल.