काल्पनिक अरब संघराज्यातील पोर्ट सैद : नगरपरिचयात काय यावे?

धरमपेठकर (प्रश्न)

२२ फेब्रुवारी १९५८ रोजी इजिप्त आणि सीरिया यांनी एकत्र येऊन स्थापन केलेले संयुक्त अरब प्रजासत्ताक सप्टेंबर १९६१ मध्ये दमास्कसमधील लष्करी उठावाने मोडले. ते मोडलेच नाही, उलट त्याचे रीतसर संघराज्य झाले, असे गृहीत धरून मी एका दीर्घकथेसाठी तेथील शहरांचे परिचय लिहीत आहे. सुएझ कालव्याच्या उत्तर तोंडाशी असलेल्या पोर्ट सैदपाशी मात्र अडलो आहे. हिरव्या घुमटांच्या इमारतीत कालव्याचे मुख्यालय आहे, जहाजांचा कर तेथे जमा होतो आणि म्हणून शहर श्रीमंत आहे, असे लिहिले. पण ते पर्यटन खात्याच्या पत्रकासारखे झाले आहे. काय चुकते आहे?

अजनीकर

मुख्यालयापासूनच चूक आहे. तीन हिरव्या घुमटांची ती इमारत शहराची ओळख असली, तरी कालवा प्राधिकरणाचे मुख्यालय इस्माइलियाला आहे. आणि २६ जुलै १९५६ च्या राष्ट्रीयीकरणानंतर कराचा पैसा देशाचा झाला, शहराचा नव्हे. कोळशाच्या काळात प्रत्येक आगबोट इंधनासाठी येथे थांबे, उतारू खाली उतरत, दुकाने चालत. आज जहाज थांबले नाही तरी कर भरलाच जातो, परंतु गावातल्या दुकानदाराच्या गल्ल्यात काही पडत नाही. तुमच्या कथेतला खरा तंटा येथे आहे : कराचा वाटा कैरोला, दमास्कसला की पोर्ट सैदला? मी अजनीच्या कंटेनर डेपोत कागदपत्रांचे काम करतो. मार्च २०२१ मध्ये ‘एव्हर गिव्हन’ कालव्यात आडवे अडकले, तेव्हा सहा दिवस आमच्या टेबलावरचे बीएल (जहाजात माल चढवल्याचे दस्तऐवज) नुसते पडून होते. समुद्रापासून इतक्या दूर बसूनही कालवा म्हणजे काय ते कळले. (ते जहाज दक्षिणेकडे, सुएझच्या बाजूला अडकले होते, कथेत ते पोर्ट सैदला आणू नका.)

महालचा वाचक

जमिनीकडेही पाहा. १८५९ मध्ये कालव्याचे काम सुरू झाले, तेव्हा भूमध्य समुद्र आणि मंझाला सरोवर यांच्यामधल्या वाळूच्या अरुंद पट्टीवर हे गाव वसवले गेले. भर घातली ती खोदकामातून निघालेल्या गाळाची, आणि पिण्याचे पाणी सुरुवातीला बाहेरून आणावे लागे. ज्या शहराचे पाणी दुसऱ्याच्या हाती असते, त्याचा स्वभाव त्यातून घडतो, हे तुमच्या परिचयात कोठेच नाही. तसेच धक्क्यावरचा, कालवा खोदवून घेणाऱ्या फ्रेंच द लेसेप्सचा पुतळा डिसेंबर १९५६ मध्ये, कालव्यासाठी चालून आलेल्या इंग्रज-फ्रेंच फौजा परत गेल्यावर, लोकांनी उडवून दिला आणि चौथरा रिकामा राहिला. संघराज्यात त्या चौथऱ्यावर कोणाला उभे करायचे यावर दोन्ही प्रांतांचे एकमत होईल, असे मला वाटत नाही. तो रिकामाच ठेवावा.

सिव्हिल लाइन्स

संघराज्याचा विचार आपण नागपूरकरांनी परक्यासारखा करू नये. त्याच १९५६ मध्ये आपले शहर राजधानी राहिले नाही, आणि १९५३ च्या नागपूर कराराच्या आधारे आपल्या वाट्याला विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन आले. पोर्ट सैदलाही कराचा वाटा न देता संघीय संसदेचे वर्षाकाठी एक अधिवेशन देऊन टाका. डिसेंबरात रंगरंगोटी, मंत्र्यांच्या गाड्यांचे ताफे, मोर्चे, आणि नंतर पुन्हा सामसूम. तपशील येथूनच उचलता येतील. मात्र संसदेला कालवा बंद करण्याचा अधिकार देऊ नका, कारण १८८८ च्या कॉन्स्टँटिनोपल करारानुसार तो युद्धकाळातही सर्व देशांच्या जहाजांना खुला ठेवायचा आहे. निदान त्यावर एक जोरदार वादंग तरी ठेवा.

धरमपेठकर

मुख्यालयाचे वाक्य आजच काढतो, आणि अधिवेशनाची कल्पना, आपली हरकत नसेल तर, घेतो. आता सुरुवात पश्चिमेच्या पोर्ट सैदहून पूर्वेच्या पोर्ट फुआदला जाणाऱ्या फेरीबोटीत करीन. आफ्रिकेतून आशियात काही मिनिटांत पोहोचवणारी ती बोट मला फार आवडली. तिचे तिकीट साधारण किती ठेवावे?

अजनीकर

तिकीट ठेवू नका. पायी चढणाऱ्याला ती फेरी फुकट असते.