मदत हवी आहे: गुऱ्हाळाच्या शेडमधलं जुनं बोटीचं इंजिन ओळखायचंय, डिझेल पंप आहे आणि प्लगपण आहे

गुळाची_ढेप:

नमस्कार मंडळी. भोगावतीकाठी आमच्या चुलत्यांचं गुऱ्हाळघर होतं, बंद पडून जमाना झाला, आता ती शेड उतरवून तिथं गोठा बांधायचं ठरलंय आणि शेडच्या मागच्या अंगाला एक दोन सिलिंडरचं भलंमोठं इंजिन पडून आहे. चरक त्यावरच चालायचा. चुलते आता नाहीत आणि त्यांनी ते कुठनं आणलं हे घरात कुणालाच धड सांगता येत नाही. भंगारवाला बघून गेलाय, बीडाच्या भावानं उचलतो म्हणतोय, भावांना घाई आहे, मला मात्र ते काय आहे हे कळल्याशिवाय टेंपोत चढवू द्यायचं नाही. किंमत विचारत नाहीये हे आधीच सांगतो. मेक काय, साधारण कुठल्या काळातलं, आणि अजून शोधायचं तर कुठं शोधायचं, एवढंच.

आमच्या भागाला जुन्या इंजिनांचं नवल नाही. लिस्टर, पीटर, रस्टन, साताऱ्याचं कूपर, किर्लोस्कर, नदीकाठाला आणि विहिरींवर यातलं काही ना काही असायचंच. हे त्यातलं नाही. दोन्ही अंगाला मोठी चाकं नाहीत, फ्लायव्हील एकच आणि तेही पुढच्या बाजूला. मागं इंजिनलाच जोडून बीडाचा लांबुळका गिअरबॉक्स, त्याला उभा दांडा, तो पुढं, मधी आणि मागं असा तीन ठिकाणी बसतो. आता गुऱ्हाळाला रिव्हर्स कशाला लागतोय, चरकातला ऊस परत शेतकऱ्याला द्यायला? गिअरबॉक्सच्या मागच्या फ्लँजला पट्ट्याची पुली बोल्ट करून बसवलीय, ती मात्र सरळसरळ आपल्याकडंच ओतलेली दिसते. एक्झॉस्टचा पाइप सिलिंडरांच्या कडेनं जातो तो डबल भिंतीचा आहे, आतनं पाणी फिरत असणार. बाजूला दोन दट्ट्याचे पंप. पाय तळाला नाहीत, मधल्या उंचीला दोन्हीकडं कान काढलेत, दोन आडव्या लाकडांवर बसवायला काढावेत तसे, आणि चुलत्यांनी त्या कानांखाली काँक्रीटच्या दोन भिंती बांधून घेतल्यात. बोटीचं असणार इतकं माझ्यासारख्या अकाउंट लिहिणाऱ्यालापण कळलं.

खरी गोची पुढं आहे. एका बाजूला फ्युएल पंप आहे, त्यातनं दोन बारीक पाइप हेडमधल्या नोझलला गेलेत, म्हणजे डिझेल. पण दुसऱ्या बाजूला मॅग्नेटो (प्लगला ठिणगी पुरवणारा) आहे, कार्बोरेटर आहे (अर्धा), आणि दोन्ही हेडवर प्लगची भोकं आहेत, एकात तर जुना प्लग अजून घट्ट बसलाय. वर हेडपाशी एक लिव्हर आहे जो दोन बाजूला पडायचा असं दिसतंय, आता गंजून जाम आहे. डिझेलला प्लग कशाला?

उद्यमनगरात विचारलं तर एका मिस्त्रींनी सांगितलं की दोन इंजिनांचे पार्ट घालून कुणीतरी जुगाड केलाय. दुसऱ्यांचं मत हे हॉट बल्बचं आहे. तिसरे म्हणाले इंटरनॅशनलचा जुना ट्रॅक्टर. आणि गावात तर ठरूनच गेलंय की हे राजवाड्याच्या लाँचचं इंजिन आहे, कुठली लाँच, कुठल्या तळ्यात, ते कुणी विचारायचं नाही.

नावाची पट्टी नाही, नुसती चार स्क्रूची भोकं राहिलीत. ब्लॉकवर उठावाचा एक नंबर आहे, भावानं तो फोन लावून सगळीकडं शोधला, काही नाही. तो आता ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून सगळा रंग काढूया म्हणतोय, म्हणजे कुठं काही लिहिलं असलं तर दिसेल. करू का? फोटो खाली टाकलेत, शेडमध्ये उजेड कमी आहे, सांभाळून घ्या.

शिरोलीचा_फिटर:

भावा, आधी त्या ग्राइंडरची पिन काढ!! मग बाकीचं बोलू.

उठावाचा नंबर इंजिनचा नसतोय. तो पॅटर्नचा नंबर, साच्यातनंच येतो, त्या मॉडेलच्या प्रत्येक ब्लॉकवर तोच असणार. आपण कोल्हापूरकरांना तरी हे सांगायला लागू नये, निम्मं गाव फाउंड्रीत. तुला पाहिजे तो पंचानं ठोकलेला नंबर, तो मशीन केलेल्या सपाट जागेवर असतो, फ्लँजच्या कडेला, क्रँककेसच्या तोंडाला, हेड बसतं तिथं बाजूला. ठोकलेला आकडा लई उथळ असतोय, तारेचा ब्रश फिरला की संपला विषय. रॉकेल आणि चिंधी घे, मऊ कर, हळूहळू पूस. मग रात्री जा आणि बॅटरी पृष्ठभागाला लावून आडवी धर, खाचांची सावली पडती आणि आकडा उठून दिसतोय. त्यावर खडूची पूड चोळून फोटो काढ.

दुसरं, बोल्ट बघ. चार सुती, म्हणजे अर्ध्या इंचाचा बोल्ट कुठला तरी सुटतोय का? त्याला पिच गेज (आटे मोजायची पट्टी) लाव. इंचात १२ आटे भरले तर व्हिटवर्थ, म्हणजे इंग्लंड-स्कॉटलंडकडचा माल. १३ भरले तर अमेरिकन. हे चार सुतालाच बघायचं, तीन सूत नाहीतर पाच सूत घेऊन बसलास तर दोन्हीकडं आटे सारखेच येत्यात आणि काही कळायचं नाही. गेज नसला तर फूटपट्टी धरून मोज. मिलीमीटरमध्ये नीट बसायला लागलं तर मग युरोप.

हॉट बल्ब म्हणणाऱ्या मिस्त्रींना माझा नमस्कार सांग. हॉट बल्बच्या डोक्यावर बीडाचा गोळा असतो, तो ब्लो लॅम्पनं लाल करायचा आणि मग चालू करायचं, १८९० चं पेटंट आहे ते अ‍ॅक्रॉइड स्टुअर्टचं, पुढं हॉर्न्सबीनं बनवलं, तीच हॉर्न्सबी १९१८ ला रस्टनमध्ये मिसळली. त्याला मॅग्नेटोचं कामच नाही. तुझ्या फोटोत गोळा पण नाही.

थंडीत_कुडकुडणारा:

कोल्हापूरचाच, सध्या मुक्काम ग्लासगो, त्यामुळे फोटो बघून खुर्चीतच उठून बसलो.

जुगाड नाही ते. पेट्रोलवर चालू होऊन डिझेलवर जाणारं इंजिन आहे, आणि दोन सिलिंडर, रिव्हर्स गिअर, पाण्याचं एक्झॉस्ट हे सगळं एकत्र बघितलं तर माझा पहिला अंदाज केल्विन. इथल्याच डॉबीज लोन नावाच्या रस्त्यावरच्या बर्गियस कंपनीचं. वॉल्टर बर्गियसनं १९०४ मध्ये मोटारगाड्या बनवायला कंपनी काढली, गाड्या काही खपल्या नाहीत, मग १९०६ मध्ये तेच इंजिन वल्ह्याच्या होडीत बसवून बघितलं आणि तिथनं ती कंपनी बोटीच्या इंजिनांचीच झाली. स्कॉटलंडच्या मच्छीमार बोटींत केल्विन म्हणजे आपल्याकडं विहिरीवर किर्लोस्कर.

प्लगचं कोडं असं आहे की डिझेलला कॉम्प्रेशन भयंकर, एवढं मोठं इंजिन थंडीत हँडल मारून फिरवणं माणसाच्या ताकदीबाहेरचं. म्हणून यांनी हेडमध्ये एक जादा पोकळी ठेवली. लिव्हर एका बाजूला टाकला की ती पोकळी उघडते, जागा वाढल्यामुळं कॉम्प्रेशन उतरतं, आणि कार्बोरेटर, मॅग्नेटो, प्लग यांच्यावर ते सरळ पेट्रोल इंजिन म्हणून चालू होतं. जरा फिरलं, गरम झालं की लिव्हर पलटायचा, पोकळी बंद, पंप-नोझल चालू, आता ते डिझेल. तुमचा जाम झालेला लिव्हर तोच असावा. जोर लावून फिरवू नका, आतला व्हॉल्व्ह मोडेल.

इंटरनॅशनलवाले मिस्त्री अगदीच हवेत बोलले नाहीत हं. त्यांचे १९३५ पासूनचे डिझेल ट्रॅक्टर असेच पेट्रोलवर चालू व्हायचे. पण ते चार सिलिंडरचे, आणि ट्रॅक्टरला पाण्याचं एक्झॉस्ट कोण बसवतंय. बोटीत ते लागतं कारण इंजिन लाकडाच्या बंद पोटात बसतं, उघडा तापलेला पाइप म्हणजे आगीला आमंत्रण. दोन दट्ट्याच्या पंपांपैकी एक समुद्राचं पाणी ओढून इंजिन गार ठेवायला, दुसरा बोटीच्या तळात साठलेलं पाणी उपसायला.

केल्विनच असेल तर दोन मापाची मालिका बघायची. जे मालिका, बोअर (सिलिंडरची आतली रुंदी) साडेचार इंच, स्ट्रोक (पिस्टनची चाल) सहा, सिलिंडरमागं ११ हॉर्सपॉवर १००० आरपीएमला, म्हणजे जे-टू २२ चं. के मालिका, बोअर सहा, स्ट्रोक नऊ, सिलिंडरमागं २२ आणि फेरे ७५०, म्हणजे के-टू ४४ चं. दोन्ही १९३० च्या दशकात आल्या. हेड उघडू नका. एका नोझलच्या मध्यापासून दुसऱ्या नोझलच्या मध्यापर्यंत टेप लावा. दोन सिलिंडरांचे मध्य जेवढे लांब तेवढंच ते अंतर. सहा इंचाच्या आत आलं तर के असूच शकत नाही, सहा इंची दोन सिलिंडर त्यात मावायचेच नाहीत.

दर्यावर्दी_मालवण:

गावाक जुनी माणसां सांगत की घाटावरचे व्यापारी येऊन बोटींची काढलेली इंजिनां घेऊन जायचे. फोंडा घाटानं नाहीतर गगनबावड्यानं वर. बोटीची लाकडं संपली तरी बीड कुठं संपतंय. तुमच्या चुलत्यांनी तसंच उचललेलं असणार, राजवाडा वगैरे राहू दे बाजूला.

समुद्रात चाललंय का ते बघायचं तर पाण्याच्या पंपाचं झाकण काढा. खारं पाणी खाल्लेलं बीड आतनं मऊ पडतं, चाकूच्या टोकानं शिशाच्या पेन्सिलीसारखी काळी पूड निघते. पांढरा थर दिसला म्हणून मीठ समजू नका, तुमच्याकडच्या बोअरच्या पाण्यानंपण तसाच थर धरतो. आणि कुणी चाखून बघू नका रे बाबांनो, इथं एकानं खरंच बघितलेलं.

कागदकिडा:

राजवाड्याची गोष्ट खरी की खोटी हे गप्पांवर का सोडायचं? कोल्हापुरात पुरालेखागार आहे, संस्थानाचं दप्तर तिथं आहे. लाँच खरेदी केली असेल तर खर्चाची नोंद कुठल्यातरी खात्यात असणार. पण नुसतं "बोटीचं इंजिन" म्हणून जाऊ नका, साल आणि खातं अंदाजानं तरी ठरवून जा, नाहीतर दिवस दप्तराचे रुमाल (कागदांची गाठोडी) सोडण्या-बांधण्यातच जाईल. मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुरालेखागार, तिथं मुंबई इलाख्याचे कागद. जहाजांची तपासणी करणाऱ्या लॉइड्स रजिस्टरनं जहाजांचे जुने नकाशे आणि सर्व्हे रिपोर्ट ऑनलाइन टाकलेत पण ते मोठ्या जहाजांचे, कोकणातली होडी त्यात सापडेल अशी आशा धरू नये.

फ्युएल पंपावरची पट्टीपण वाचा. सीएव्ही-बॉश असं जोडनाव असेल तर पंप १९३१ नंतरचा, कारण ती जोडकंपनीच त्या साली झाली. अर्थात ते पंपाचं वय. पंप बदललेला असू शकतो.

गुळाची_ढेप:

सगळ्यांचे आभार, भाऊ ग्राइंडर परत देऊन आला.

टेप लावला. नोझल ते नोझल सहा इंचाच्या आतच भरतंय, दोनदा वेगवेगळ्या बाजूनं धरून बघितलं. चार सुती बोल्ट एक निघाला, गिअरबॉक्सच्या झाकणाचा, १२ आटे. पुलीचे बोल्ट वेगळेच आहेत, ते कुणी मोजायला नको, ते इथलेच. पंपाच्या झाकणाच्या आत खरवडलं तर काळी पूड निघाली, बोटं अजून काळी आहेत. फ्युएल पंपाची पट्टी मात्र कुणीतरी आधीच पळवलीय.

आणि रात्री बॅटरी घेऊन गेलो, क्रँककेसच्या वरच्या कडेला, रंगाच्या दोन थरांखाली, ठोकलेले आकडे आहेत. पहिले तीन स्पष्ट, चौथा ३ का ८ कळत नाही, पुढं अजून एक असावा. खडू लावून फोटो टाकलाय, डोळे चांगले असतील त्यांनी बघा.

थंडीत_कुडकुडणारा:

सहा इंचाच्या आत आणि व्हिटवर्थ, म्हणजे के बाद, जे-टू वर माझा रुपया. तरी नंबर पक्का झाल्याशिवाय पाटी रंगवू नका. केल्विनचं काम पुढं ग्लासगोतल्याच ब्रिटिश पोलर इंजिन्सकडं गेलं, मॉडेल, नंबर आणि गिअरबॉक्सचे फोटो घालून त्यांना मेल टाकूया, मजकूर मी लिहितो. चेशायरमधल्या अ‍ॅन्सन इंजिन म्युझियमलापण एक प्रत टाकू, जुन्या इंजिनांचीच माणसं आहेत ती. चौथा आकडा ३ धरून एक आणि ८ धरून एक, दोन्ही नंबर लिहू.

शिरोलीचा_फिटर:

८ आहे तो. ३ ला डावीकडं पंच बसत नाही, इथं बसलाय, फोटो मोठा करून बघा.

आणि भंगारवाल्याला काय सांगितलंस? शेड पाडायची तारीख आली तर सांग, माझ्याकडं चेन ब्लॉक आणि तिकाटणं आहे, कानांना दोर घालून उचलू, पाण्याच्या एक्झॉस्टला हात लावायचा नाही, तो पहिला फुटतोय. नोझल काढून त्या भोकातनं आजच डिझेल आणि गिअर ऑइल निम्मंनिम्मं ओतून ठेव, पिस्टन सुटायला वेळ घेतील.

गुळाची_ढेप:

ओतलं. भंगारवाल्याला चरक दिला, इंजिन नाही. गोठा चार हात पुढं सरकवायला भाऊ तयार झालेत, वहिनींचं अजून ठरायचंय.