शेरलॉक होम्स: सुरुवात कुठून करावी?

चौकस: बेनेडिक्ट कंबरबॅच होम्स झालेली 'शेरलॉक' मालिका बघून झाली. आता मूळ कथा वाचायच्या आहेत, आणि मुळाबरहुकूम केलेलं काही बघायचंही आहे. ४ कादंबऱ्या आणि ५६ कथा एका दमात झेपणार नाहीत. जाणकारांनी क्रम सुचवावा.

पानवेडा: 'अ स्टडी इन स्कार्लेट'ने (१८८७) सुरुवात करू नका. प्रकाशनात पहिली तीच, पण निम्म्यावर कथानक उठून थेट अमेरिकेतल्या युटात जातं आणि पुढची बरीच प्रकरणं होम्स गायब! 'अ‍ॅडव्हेंचर्स' (१८९२) हा १२ कथांचा संग्रह घ्या. त्यातली आधी 'रेड-हेडेड लीग', मग 'स्पेकल्ड बँड'. पुढे 'फायनल प्रॉब्लेम' (१८९३) आणि 'एम्प्टी हाऊस' (१९०३) लागोपाठ वाचा. त्या काळच्या वाचकांना मध्ये दहा वर्षं ताटकळावं लागलं होतं. १९२७चा संग्रह सगळ्यात शेवटी, तो फिका आहे.

रातकिडा: आणि 'हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' ही कादंबरी?

पानवेडा: पाचसहा कथांनंतर. मधला मोठा भाग होम्सचा मित्र वॉटसन एकटा सांभाळतो, तेव्हा तो आधी ओळखीचा झालेला बरा.

रीळवाला: बघायला जेरेमी ब्रेटची मालिका (१९८४-९४), एकूण ४१ भाग. सुरुवातीच्या वर्षांत बरेचसे संवादसुद्धा मूळ कथांतले. 'लास्ट व्हँपायर' आणि 'एलिजिबल बॅचलर' मात्र टाळा, छोट्याशा कथेला ताणताना मूळ कथाच हरवली आहे. बेसिल रॅथबोन होम्स झालेले १४ चित्रपट (१९३९-४६) मजेचे, पण पहिले दोन सोडले तर होम्स थेट विसाव्या शतकात. बावळट वॉटसन रुजला तोही त्यांच्यामुळेच. कथांमधला वॉटसन अफगाणिस्तानच्या युद्धात जखमी झालेला लष्करी डॉक्टर आहे हो!

चौकस: टोपी, वाकडा पाइप आणि 'एलिमेंटरी, माय डिअर वॉटसन' कुठल्या कथेत?

पानवेडा: एकाही नाही. 'सिल्व्हर ब्लेझ'मध्ये कान झाकणारी प्रवासी टोपी आहे, तिला आजचं रूप दिलं चित्रकार सिडनी पॅजेटने, तेही शहराबाहेरच्या प्रसंगांत. वाकडा पाइप १८९९च्या नाटकातल्या विल्यम जिलेटमुळे चिकटला. वाक्याचे दोन्ही तुकडे 'क्रुकेड मॅन'मध्ये जवळजवळ येतात, जोडून कधीच नाहीत.

रीळवाला: 'स्कार्लेट' वाचून झाली की कंबरबॅचचा पहिला भाग पुन्हा लावा. प्रेतापाशी लिहिलेल्या अक्षरांचा उलगडा तिथे मुद्दाम उलटा केलाय. मूळ वाचल्याशिवाय ती गंमत कळत नाही.